आधी जेसीबी, मग अहवाल

2025 चा पाडवा रविवारी आला आणि लगोलग रमजान ईद. न्यायालयं, कचेऱ्या बंद. त्याच सुट्ट्यांत हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या 400 एकरांत जेसीबी शिरले. विद्यार्थ्यांनी टिपलेल्या चित्रफितींत रात्रीच्या अंधारात मोर ओरडताना ऐकू येतात. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवलं, तोवर सुमारे 100 एकरांवरची झाडी भुईसपाट झाली होती.

राज्य सरकारचं म्हणणं असं होतं की जमीन महसुली आहे, जंगल नव्हे. ती आयटी उद्योगांसाठी विकसित करायची होती. मालकीचा वाद मला घालायचाच नाही. पण जमीन स्वतःची असली तरी पर्यावरणीय मंजुरी लागतेच, आणि ती कधी घ्यायची हेही ठरलेलं आहे. 14 सप्टेंबर 2006 ची केंद्राची अधिसूचना सांगते: बांधकामच काय, जमीन तयार करण्याचं कामसुद्धा मंजुरीआधी सुरू करायचं नाही, फक्त जागा सुरक्षित करता येते. म्हणजे कुंपण घाला, झुडपाला हात लावू नका.

हे कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मंजुरीसाठी प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम मोजायचा तर आधी तिथे काय होतं याची नोंद हवी. रान साफ झाल्यावर आलेला सल्लागार उघडी माती पाहतो आणि अहवालात तेच लिहितो. (त्याची फी प्रकल्पवालाच देतो, हेही विसरू नये.) शिवाय बहुतेक प्रकल्पांसाठी पाहणी एकाच ऋतूची, तीही पावसाळा सोडून. दख्खनच्या या खडकाळ माळावर पावसाळा वगळून काय मोजणार? खडकांमधल्या डबक्यांत पाणी साठतं ते तेव्हा, चांदणी कासवं जास्त हिंडतात तीही पावसाळ्यातच.

दुसरी उणीव त्याच अधिसूचनेत आहे. खाण किंवा सिमेंट कारखाना यायचा असेल तर जनसुनावणी होते: 30 दिवसांची नोटीस, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण. इमारती, टाउनशिप आणि क्षेत्रविकासाला मात्र यातून सूट. 50 हेक्टरांवरच्या क्षेत्रविकासाला मंजुरी लागते. कांचा गच्चीबावली सुमारे 162 हेक्टर. तरीही मंजुरीचा अर्ज झाला असता, तर तो राज्याच्या समितीच्या बंद खोलीतच तपासला गेला असता. शहरं वाढतात ती नेमकी याच प्रकल्पांनी, आणि इथेच शहरवासीयांना विचारायचं नाही, हे मला मान्य नाही. ही सूट काढून टाकली पाहिजे.

त्या रानातली तळी, पायवाटा, हरणं यांची सगळ्यांत जास्त माहिती विद्यापीठातल्या मुलामुलींना होती. ती सांगायला त्यांच्यासाठी सुनावणीचा मंडप नव्हता. ती यंत्रांसमोर जाऊन उभी राहिली आणि पोलिसांनी त्यांतल्या अनेकांना गाडीत घालून नेलं.