कानसेन आणि यंत्रसेन

तानसेन होता आले नाही तर निदान कानसेन तरी व्हावे, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. गाता न आले तरी मन लावून ऐकता येणे हीदेखील आयुष्यातली एक कमाई आहे, एवढाच त्याचा साधा अर्थ. परंतु ध्वनीचा शौक म्हणून जे आज मिरवले जाते ते पाहिले की, कानसेनाची गादी भलत्यानेच बळकावली आहे असे वाटू लागते. आम्ही त्याला यंत्रसेन म्हणतो. त्याच्या घरी जा. तो तुम्हांला गाणे ऐकवणार नाही, स्पीकर ऐकवील. एक गाणे अर्ध्यावर तोडून दुसरे लावील. "आता हा ढोल ऐका," "आता ही झांज ऐका," असे म्हणत तासभर तुम्हांला फिरवील. ॲम्प्लिफायरची किंमत तो न विचारता सांगेल. गायिका कोण आणि साथीला सारंगीवर कोण, हे विचारले तर मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडतील.

आम्ही या छंदाचे वैरी नव्हेत. जुन्या तबकड्या धुण्यात, सुई तपासण्यात आणि स्पीकर हातभर पुढेमागे सरकवण्यात आमच्याही कित्येक रात्री गेल्या आहेत. म्हणूनच घरातल्या माणसाने घरातल्याला सांगावे तसे हे सांगत आहोत.

आमच्या एका स्नेह्याने काही वर्षांमागे स्पीकरच्या तारा बदलल्या. किंमत पाच आकडी. या तारांमुळे आवाजावरचा पडदा दूर होतो, असे विक्रेत्याने सांगितले होते आणि स्नेह्यांना तो दूर झालेला ऐकूही येऊ लागला होता. एका रविवारी आम्ही त्यांच्या मुलीला हाताशी धरले. खोलीत चादर बांधली. चादरीमागे तिने नाणे उडवून कधी ती नवी तार जोडायची, तर कधी विजेच्या दुकानातली साधी, जाड तांब्याची तार. आणि आम्ही दोघांनी आपापल्या कागदावर उत्तर लिहायचे. दहा खेपा झाल्या. आमची पाच उत्तरे बरोबर आली, त्यांची चार. स्नेही थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आज माझे कानच ठिकाणावर नाहीत." कान दोषी ठरले, तार निर्दोष सुटली!

हा केवळ आमच्या घरगुती कानांचा दोष म्हणावा, तर तसेही नाही. १९८२ साली बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते आणि त्यातून सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पुरतेपणी उभा राहतो. निरोगी तरुण कानाची मर्यादाही साधारण तेवढीच, आणि वयाबरोबर ती खाली येते. त्याहून उंच दर्जाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मुद्रणांची ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या अमेरिकनांनी परीक्षा घेतली व २००७ साली ती प्रसिद्ध केली. उंची मुद्रण कोणते आणि तेच सीडीच्या मापातून गाळलेले कोणते, हे ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. ५५४ खेपांत २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे निम्मी!

याहून बोलके उदाहरण २०२२ सालचे. कॅलिफोर्नियातील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या मूळ फितींवरून महागड्या तबकड्या काढते. त्यांत संगणकी आकड्यांचा स्पर्शही नाही, अशी शौकिनांची श्रद्धा होती. आकड्यांचा आवाज आपल्याला तत्काळ कळतो, असे छातीठोकपणे सांगणारे हेच लोक या तबकड्यांची वाखाणणी करीत. त्या वर्षी उघड झाले की, कंपनी कित्येक वर्षे अनेक तबकड्यांसाठी मूळ फितीची संगणकी नक्कल करून घेत होती. प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीने गिऱ्हाइकांना अंधारात ठेवले हे वाईटच. पण इतकी वर्षे ते कोणाच्याही कानाने पकडले नाही, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

मग यंत्राला काहीच किंमत नाही काय? आहे. झिजलेली सुई तबकडीचा नाश करते. स्पीकर वाईट असेल तर पुढचे सारे व्यर्थ. पण एका मर्यादेनंतर पैसा ऐकू येत नाही. खोली ऐकू येते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, मांडाव्या, नाद किती वेळ टिकतो ते मोजावे आणि सकाळपूर्वी परत नेऊन ठेवाव्या. या गाद्यांतून सभागृहांच्या ध्वनीचे शास्त्र जन्मास आले. आमच्या फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोल्यांत एक जाड सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढलेला स्पीकर जे काम करतात, ते पाच आकडी तार करीत नाही. पण सतरंजीची बढाई मारता येत नाही, हीच अडचण!

आम्हांला कोणी विचारील, "ज्याचा पैसा, त्याचा छंद, तुमच्या पोटात का दुखते?" दुखते, कारण छंद एकट्याचा असला तरी घर एकट्याचे नसते. यंत्रसेनाच्या खोलीत ध्वनी एकाच जागी उत्तम जुळतो आणि त्या जागी एकच खुर्ची असते. पत्नीने दारातून ऐकावे, मुलांनी पाय न वाजवता जावे. ज्या पिढीने बुधवारी रात्री एका रेडिओभोवती दोन-तीन घरांची माणसे जमवून अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकली, तिच्या पदरी ही प्रगती यावी काय? आणि बापापासून मुलगा एवढेच शिकतो की मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. पुढे दर ३ डेसिबेलला ती मुदत निम्मी होते. यंत्र बदलून मिळते. आवाजाने मेलेल्या कानाच्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या. त्या मुद्रणात आजच्या कोणत्याही स्पीकरचा कस लागावा असे काही नाही. ना खोल ढोल, ना चमकती झांज. निवडणाऱ्यांनी त्यात यंत्र शोधले नाही, एक आवाज ऐकला.

तेव्हा, वाचकहो, छंद अवश्य जोपासा. पण या आठवड्यात एक रात्र घरच्या सर्वांना बोलवा, ती एकटी खुर्ची भिंतीला लावा, सतरंजी अंथरा आणि घरात असेल त्या यंत्रावर एकच ध्वनिमुद्रण आरंभापासून शेवटापर्यंत, मध्ये न बोलता ऐका. मग प्रत्येकाला विचारा, काय ऐकू आले? ज्या घरात या प्रश्नाला पाच निरनिराळी उत्तरे येतील, त्या घरात ध्वनीचा शौक आहे असे आम्ही म्हणू, मग तिथला स्पीकर कितीही जुना असो.