बॅग भरली, मनाचे काय?



ऑगस्ट आला की अमेरिकेतील आपल्या घरोघरी विद्यापीठात निघालेल्या मुलांच्या बॅगा भरल्या जातात. चादरी, कुकर, मसाले, संगणक. काही म्हणता काही राहत नाही. निरोप देताना मात्र हलकेच बजावले जाते, 'तिथल्या भारतीय मुलांना आपली जात कळू देऊ नकोस.' ही तयारी नव्हे. आपले भय पुढच्या पिढीच्या पदरात टाकणे आहे!

१९१३ साली २२ वर्षांचे बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र शिकले आणि मे १९१६ मध्ये तेथेच जातिसंस्थेची चिकित्सा करणारा निबंध वाचला. त्यांच्या लेकरांनी तोंड लपवावे?

ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली जातिभेदाविरुद्ध नियम केले. ते बोलणाऱ्यांमुळे झाले; लपणाऱ्यांमुळे नव्हे.

आपली ओळख कोणाला, केव्हा सांगावी, हे मुलांनी ठरवावे. पण सांगण्याजोगा इतिहास त्यांना ठाऊक तर हवा! तो देणे आई-वडिलांचे काम आहे. यंदा बॅगेत बाबासाहेबांचा तो निबंध ठेवा. त्याआधी मुलांसोबत बसून स्वतः वाचा.

जय भीम!