उजाड मुलखाची लावणी-संचणी

शिर्डीच्या आसमंतात आज उसाचे मळे आणि यात्रेकरूंची अखंड वर्दळ पाहणाऱ्यास सहसा खरे वाटणार नाही की, हाच नगर प्रांत सव्वादोनशे वर्षांपूर्वी यशवंतराव होळकरांच्या फौजा, त्यांच्या आगेमागे लूट करीत फिरणारे पेंढारी आणि पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी बेचिराख केला होता. गावे ओस पडली होती आणि रयत परागंदा झाली होती.

अशा मुलखाची लावणी-संचणी कशी करावी, याची एक रीत मराठी राज्यव्यवहारात रुळलेली होती. पडीक जमीन वाहितीस आणणाऱ्यास कौल, म्हणजे अभयाचे लेखी वचन, द्यावा, प्रारंभी नाममात्र सारा घेऊन तो इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने, वर्षागणिक चढवीत नेमल्या मुदतीअंती पुऱ्या दरास न्यावा आणि बैल-बियाण्यांसाठी तगाई, म्हणजे आगाऊ कर्ज, द्यावी, ही ती रीत. रयत परतल्यावाचून वसूल नाही आणि अभयावाचून रयत परतत नाही, हे तिचे मर्म होते.

याउलट, पेशवाईनंतर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने शेजारच्या पुणे जिल्ह्यात जमिनी मोजून, निव्वळ उत्पन्नाचे सूक्ष्म गणित मांडून सारा ठरविला. परंतु मोजणी सदोष आणि आकारणी जड निघाल्यामुळे कुळे शेते टाकून निघून गेली व अखेर १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरात फेरपाहणी करून, दर उतरवून ते ३० वर्षांसाठी कायम करावे लागले.

हाच धडा आज युद्धाने उजाड झालेल्या युक्रेनलाही लागू पडतो. त्याच्या पुनर्रचनेस दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे, युरोपीय आयोग आणि त्या देशाचे सरकार यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केला. असा हिशेब अत्यावश्यक आहे, कारण त्यावाचून मदत मागता येत नाही व वाटताही येत नाही. तथापि पडलेल्या पुलांची आणि घरांची किंमत जितक्या काटेकोरपणे मांडली जाते, तितक्याच काटेकोरपणे परागंदा कुटुंबे कोणत्या अटींवर परततील, हे त्यांनाच विचारून नोंदले गेले पाहिजे. रिकाम्या खजिन्यास सूट परवडत नाही, हा आक्षेप जुनाच आहे. परंतु ओसाड गावाचा सारा कागदावर कितीही चढविला, तरी तो वसूल कोणाकडून करणार? म्हणून युद्धग्रस्त देशास कर्ज देणाऱ्यांनी परतफेडीचे हप्ते इस्ताव्याच्या न्यायाने बांधावेत आणि पहिला पैसा लोकांच्या परतीसाठी खर्ची घालावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.