रोटाव्हायरस लस : शोधापासून लसीकरणापर्यंत तीन दशके

नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान व सहकाऱ्यांना काही नवजात बालकांत रोटाव्हायरस आढळला. मात्र त्यांना अतिसार झालेला नव्हता. त्यांच्यापासून मिळवलेला ‘११६ ई’ हा विषाणू पुढे ‘रोटावॅक’ या स्वदेशी लसीचा आधार ठरला.

१९८६ मध्ये स्थापन झालेला केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय व परदेशी संशोधन संस्था, गेट्स प्रतिष्ठान आणि हैदराबादची भारत बायोटेक यांनी खर्चाचा व जोखमीचा भार वाटून घेतला. एका मात्रेची किंमत एक डॉलरच्या आसपास ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवरील चाचणीत पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून ५६ टक्के संरक्षण दिसले. २०१६ मध्ये लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली.

विकसनशील देशांसाठी यातील बोध स्पष्ट आहे. शोध लागला म्हणजे लस तयार झाली असे नव्हे; चाचण्या, उत्पादन आणि सरकारी खरेदी हे टप्पे अधिक खर्चिक असतात. त्यासाठीच २०१२ मध्ये दिल्लीत ‘बायरॅक’ची स्थापना झाली, फरिदाबादला संशोधन संस्थांचे संकुल उभे राहिले आणि २०२४ मध्ये ‘बायोई३’ धोरण संमत झाले. मात्र या व्यवस्थेची खरी कसोटी निधीच्या आकड्यांवर नव्हे, तर पुढील लस बालकांपर्यंत तीस वर्षांपेक्षा किती लवकर पोहोचते यावर लागेल.