एका दिवसात पुसलेली तेहतीस वर्षे

२ ऑगस्ट २०२४ चा तो शुक्रवार. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात ‘गेम इन्फॉर्मर’ या व्हिडिओ गेमना वाहिलेल्या मासिकाच्या संपादक मंडळींना एका बैठकीला बोलावले गेले. मासिक बंद झाले आहे आणि सर्वांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, असे त्यांना तिथे सांगण्यात आले. पुढच्या अंकाचे काम बरेचसे उरकले होते. ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ या गेमच्या मुखपृष्ठाचा अंक वाचकांच्या हाती पडला होता आणि तोच शेवटचा ठरला. त्याच दिवशी संकेतस्थळही काढून घेण्यात आले. कोणतेही जुने परीक्षण, कोणतीही मुलाखत, कोणताही दुवा उघडा, समोर निरोपाचा एकच छोटा मजकूर येई. मजकूर सौजन्याचा होता, वाचकांचे आभार मानणारा होता. पण त्याखाली लिहिणाऱ्या कोणाचे नाव नव्हते. नंतर माजी कर्मचाऱ्यांपैकी एकाने मासिकाच्या अधिकृत एक्स खात्यावरून आपल्या शब्दांत वाचकांचा निरोप घेतला, तेव्हा ते खातेही नाहीसे झाले.

त्या दिवशी जगात याहून मोठी दुःखे घडत होती, हे काय चाहत्याला कळत नव्हते? पण माणसाला जे जवळचे असते ते जगाच्या तराजूत तोलून जवळचे होत नाही. ज्या मुलाने चौदाव्या वर्षी ते मासिक हातात घेतले आणि चाळिशी गाठली तरी सोडले नाही, त्याच्या आयुष्यातून त्या शुक्रवारी एक जुना सोबती उठून गेला. ‘एवढेच ना, गेमचे मासिक!’ असे त्याला ऐकवणाऱ्यांनी तो सोबती काय देत होता, हे आधी समजून घ्यायला हवे.

‘गेम इन्फॉर्मर’ १९९१ साली सुरू झाले ते सहा पानांचे, एका दुकानाचे पत्रक म्हणून. ‘फंकोलँड’ ही वापरलेले व्हिडिओ गेम विकणारी दुकानांची साखळी होती. पुढे ती ‘गेमस्टॉप’मध्ये विलीन झाली आणि मासिकही तिच्याबरोबर गेले. गल्ल्यावर ठेवायच्या पत्रकाचे खऱ्या मासिकात रूपांतर झाले ते काही माणसांच्या हट्टामुळे. अँडी मॅकनमारा हे सुरुवातीपासून तिथे होते आणि २०२० मध्ये बाहेर पडेपर्यंत त्यांनी जवळजवळ तीन दशके या मासिकाला दिली. एका क्षेत्राची बालपणापासून प्रौढपणापर्यंतची वाटचाल इतकी वर्षे एकाच खुर्चीतून पाहणारा संपादक कोणत्याही पत्रकारितेत दुर्मीळच म्हणावा लागेल. एकेकाळी मासिकाचा खप सत्तर लाखांवर गेला होता आणि अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या नियतकालिकांत ते पहिल्या काहींत मोजले जाई. या आकड्यात गेमस्टॉपच्या सभासद-कार्डाचा वाटा मोठा होता, कारण कार्ड घेतले की मासिक घरी येई. पण कार्डाबरोबर आलेले मासिक कोणी वर्षानुवर्षे कपाटात जपून ठेवत नाही. लोकांनी हे मासिक जपले, त्याचे कारण आतल्या पानांत होते.

त्यातले एक पान तर आजच्या प्रत्येक समीक्षकाने पाहावे असे आहे. परीक्षणाला दहापैकी गुण असत. पाव-पाव गुणाचा हिशेब असे. शेजारी एका चौकटीत कल्पना, चित्रण, ध्वनी, खेळण्यातली सहजता, रंजन आणि पुन्हा खेळावेसे वाटणे यांविषयी नेमक्या दोन-दोन ओळी. आणि त्याखाली ‘दुसरे मत’. त्याच गेमविषयी दुसऱ्या परीक्षकाने लिहिलेला छोटा परिच्छेद आणि त्याचे वेगळे गुण. कधी दोघांचे जुळे, कधी एकाला भावलेली गोष्ट दुसऱ्याला कंटाळवाणी वाटे. संपादक त्यांच्यात तडजोड घडवत बसत नसत. दोन्ही मते एकाच पानावर राहत. शाळकरी वाचकाला त्यातून न शिकवता शिकायला मिळे की आवड ही कारणे देऊन मांडायची गोष्ट आहे, आणि दोन प्रामाणिक माणसांची कारणे वेगळी असू शकतात. आपल्याकडे मोठमोठ्या साहित्यिक वादांत हे भान सुटलेले आपण पाहतो. ते भान या मासिकाने लाखो मुलांना मारामारीच्या आणि मोटार शर्यतींच्या गेमवर बोलता बोलता दिले.

मुखपृष्ठकथेची त्यांची रीतही अशीच मेहनतीची होती. वार्ताहर थेट गेम बनवणाऱ्यांच्या स्टुडिओत जात, अजून अर्धवट असलेला गेम पाहत, चित्रकारांपासून ध्वनिमुद्रकांपर्यंत सगळ्यांशी बोलत आणि मग सविस्तर लिहीत. ‘बॅटमॅन: अर्खम असायलम’, ‘स्कायरिम’, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हे गेम बाजारात येण्याच्या कितीतरी आधी वाचकांनी या मासिकाच्या मुखपृष्ठावर पाहिले. पुढे महिनाभर त्याच गेमविषयी संकेतस्थळावर ध्वनिचित्रफिती आणि मुलाखती येत राहत. शंभराहून अधिक प्रश्नांची सरबत्ती करणाऱ्या मुलाखती हा तर चाहत्यांचा खास लाडका प्रकार. पडद्यावरचे जग माणसे बनवतात, त्या माणसांना नावे असतात, शंका असतात, रात्ररात्र जागरणे असतात, हे वाचकाला कळले ते अशा लेखनातून. मासिकाच्या कचेरीत जुन्या-नव्या गेमचा मोठा साठाही जपलेला होता. चाहते त्याला तिजोरी म्हणूनच ओळखत.

महाराष्ट्रात या मासिकाचा छापील अंक क्वचितच कोणी पाहिला असेल. आपली गेमची ओळख कॅसेटच्या ‘कॉन्ट्रा’तून आणि ‘मारिओ’तून झाली. मग लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडी, सायबर कॅफेत तासावर घेतलेला संगणक, इंग्रजी ‘डिजिट’ मासिकाच्या डीव्हीडीत येणारे गेमचे नमुने आणि त्याचेच भावंड असलेले ‘स्कोअर’. ‘गेम इन्फॉर्मर’ इथल्या मुलांना भेटले ते इंटरनेट घरात आल्यावर. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या ज्या मराठी तरुणांनी तिथे गेमस्टॉपचे कार्ड काढले, त्यांच्या टपालपेटीत मात्र तो अंक येऊ लागला. सातासमुद्रापार कोणाशी काय बोलावे हे उमगत नसताना वर्गातल्या अनोळखी मुलाशी पहिल्या गप्पा एखाद्या गेमवर झाल्या, असा अनुभव अनेकांचा आहे. त्या गप्पांना शब्द पुरवण्याचे काम अशाच मासिकांनी केले.

मराठी वाचकाला नियतकालिक बंद पडण्याचे दुःख नवे नाही. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ थांबले, १९८६ मध्ये ‘माणूस’ थांबले. त्या पिढीची माणसे आजही त्याविषयी बोलताना हळवी होतात. पण त्या वेळेत आणि आताच्या वेळेत एक मोठा फरक आहे, आणि आम्हाला अस्वस्थ करतो तो हाच फरक. ‘सत्यकथा’ बंद झाले तरी सत्यकथेचे अंक नाहीसे झाले नाहीत. ग्रंथालयांत बांधीव खंड राहिले, घरोघरी गठ्ठे राहिले, रद्दीच्या दुकानात अवचित हाती लागणारे अंक राहिले. मालकाला पुढचा अंक काढणे थांबवता येत होते. मागचे अंक परत घेता येत नव्हते. ‘गेम इन्फॉर्मर’च्या बाबतीत मालकाने दोन्ही केले. मासिकाचा मृत्यू दुःखद खरा, पण व्यवहारात तो कधीतरी समजून घेता येतो. जुने लेखन लोकांपासून काढून घेणे मात्र समजून घेता येत नाही. ते जपायला येणारा खर्च एवढ्या मोठ्या कंपनीला जड नव्हता. त्या लेखनात तिथे आता काम न करणाऱ्या अनेक लेखकांची उमेदीची वर्षे होती, आणि वाचकांचे तरुणपणही होते.

मासिक का बंद पडले, याचे उत्तर अवघड नाही. लोक गेम डाउनलोड करू लागले आणि दुकानातून डिस्क विकत घेणे कमी झाले. दुकानांचा धंदा आटला, तसा त्यांच्या कार्डावर उभा असलेला खपही आटला. जाहिरातदार यूट्यूब आणि ट्विचकडे वळले. निन्टेन्डोसारख्या कंपन्या २०११ पासून स्वतःच्या चित्रफितींतून थेट ग्राहकांशी बोलू लागल्या. मधल्या पत्रकाराची त्यांना पूर्वीइतकी गरज उरली नाही. ‘गेम इन्फॉर्मर’च्या आधी २००९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’चा जुना अवतार संपला, २०११ मध्ये ‘गेमप्रो’ गेले, २०१२ च्या डिसेंबरात ‘निन्टेन्डो पॉवर’ गेले. ‘निन्टेन्डो पॉवर’ला निदान निरोप घेता आला. १९८८ च्या पहिल्या अंकावर होता तसाच मातीचा मारिओ त्यांनी शेवटच्या मुखपृष्ठावर पुन्हा घडवला. वाचकांना तो अंक शेवटचा आहे हे ठाऊक होते, आणि तो त्यांनी तशाच भावनेने घेतला. ‘गेम इन्फॉर्मर’च्या वाचकांच्या वाट्याला एवढेही आले नाही. २०२४ मध्येच थेट वर्गणी भरून अंक मागवण्याची सोय पुन्हा सुरू झाली होती, आणि आपल्या मासिकाला बरे दिवस येत आहेत या समजुतीने काहींनी नुकतीच वर्गणी भरली होती.

पुढे जे घडले ते चाहत्यांनी स्वप्नातही पाहिले नव्हते. मार्च २०२५ मध्ये ‘गनझिला गेम्स’ या गेम बनवणाऱ्या कंपनीने मासिक विकत घेतल्याचे जाहीर झाले. मुख्य संपादक मॅट मिलर यांच्यासह सगळी मंडळी परतली, संकेतस्थळ जुन्या लेखनासह उघडले आणि छापील अंकही पुन्हा निघू लागला. परतल्याबरोबर त्यांनी मधल्या बंद महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या अनेक गेमची परीक्षणे एकदम वाचकांसमोर ठेवली. तोवर ते गेम जुने झाले होते, परीक्षण वाचून विकत घेणारे फारसे उरले नव्हते. तरीही त्यांनी ते लिहिले, कारण नोंदवहीत त्या महिन्यांची पाने कोरी ठेवायची नव्हती. आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक आनंद या गोष्टीचा झाला.

आनंद आहे, तसा एक प्रश्नही आहे. आधी गेम विकणाऱ्या दुकानाच्या मालकीचे असलेले हे मासिक आता गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे आहे. संपादकीय स्वातंत्र्याची ग्वाही देण्यात आली आहे आणि परतलेल्या माणसांचे पूर्वीचे काम पाहता तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. पण मालक पुन्हा बदलू शकतो, आणि मालकाच्या एका निर्णयाने काय होऊ शकते ते आपण पाहिले आहे. म्हणूनच इतरत्र दिसणारे वेगळे प्रयोग आशा देतात. २०२३ मध्ये ‘द एस्केपिस्ट’ या गेमविषयक संकेतस्थळातून बाहेर पडलेल्यांनी प्रेक्षकांच्या वर्गणीवर ‘सेकंड विंड’ उभे केले. २०२५ मध्ये ‘जायंट बॉम्ब’ हे तसेच संकेतस्थळ तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विकत घेतले. हे संसार लहान आहेत, पण त्यांच्या चाव्या त्यांच्याच हाती आहेत.

आणि हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने बनवलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये जगभर पोहोचला. पुण्यात बसून काही तरुणांनी हे कसे घडवले आणि परक्या खेळाडूला आपल्या पुराणकथांतून उभे केलेले ते जग कसे वाटले, याची नोंद कुठे आहे? बहुतांशी गेमविषयक संकेतस्थळांवर, म्हणजे उद्या कोणीही बंद करू शकेल अशा जागी. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. खेळच मिळत नसेल, तर त्याविषयी लिहिलेला मजकूर हाच त्याचा पुरावा उरतो. याच संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये आपले डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले आणि बंद पडलेल्या गेम-मासिकांचे शेकडो अंक त्यात शब्दागणिक शोधता येतील असे ठेवले.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह अन्य ठरावीक ग्रंथालयांत जमा करणे प्रकाशकांना बंधनकारक केले. तो कायदा छापील कागद डोळ्यांसमोर ठेवून झाला. इंटरनेटवरच्या मराठी आणि भारतीय लेखनासाठी, मग ते कवितेवरचे असो, क्रिकेटवरचे असो की गेमवरचे, तशीच सोय आता झाली पाहिजे. ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी आणि गेम बनवणाऱ्या इथल्या स्टुडिओंनी त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयाने ‘राजी’विषयी आजवर छापून आलेले सारे लेखन उतरवून घ्यायचे ठरवले, तर ते काम या महिन्यात सुरू होऊ शकते.