कच्च्या कैद्यांचा न्याय

हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीआड सारे गुन्हेगारच असणार, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात २०२२ अखेर देशातील सुमारे ७६ टक्के बंदिवान कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कोठडीनंतर मुक्त करायचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले, हे योग्यच. परंतु एकाहून अधिक गुन्ह्यांचा खटला प्रलंबित असल्यासही ही सवलत नाही. साध्या मारामारीच्या फिर्यादीतही तीन-चार कलमे लागतात! मग सवलत उरली कोणाला? केंद्र शासनाने ही अट रद्द करावी.