आरतीची वेळ आणि चुकलेला भाग

श्रीगणरायाचे आगमन झाले की घराचा दिनक्रमच पालटतो. सकाळी दूर्वा-फुलांची जमवाजमव, मध्यान्ही मोदकांचा नैवेद्य, दिवेलागणीला आरती. कुणाकडे देव दीड दिवस, कुणाकडे पाच, तर कुणाकडे अनंतचतुर्दशीपर्यंत. या मंगल दिवसांतील एक विसंगती मात्र आम्ही गेली काही वर्षे घराघरांतून पाहत आलो आहोत. मराठी वाहिन्यांवरील मालिका सायंकाळपासून रात्री साडेदहापर्यंत ओळीने चालू असतात, आणि घरच्या आरतीची वेळही नेमकी तीच. परिणामी आरती मालिकेच्या आधी उरकली जाते, नाही तर जाहिराती लागण्याची वाट पाहत ताटकळते. पाच आरत्यांच्या जागी दोन होतात, मंत्रपुष्पांजली गळते, आणि ताम्हण हातात असतानाही एक डोळा पडद्याकडे लागलेला असतो.

या घाईला आज काडीचाही आधार उरलेला नाही, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे. मालिकेचा चुकलेला भाग आता कुठेही पळून जात नाही.

चुकलेले मागाहून मिळविण्याची सोय आपल्या परंपरेला नवी नव्हे. चातुर्मासात देवळात पुराण चाले, तेव्हा आदल्या दिवशी न आलेल्या श्रोत्यांसाठी पुराणिकबुवा कथेचा धागा थोडक्यात सांगत आणि मगच पुढील अध्यायाला हात घालीत. कीर्तनाला उशिरा पोचलेल्याचा पूर्वरंग हुके. बुवांना बुक्का लावून हार घातला जात असताना तो हळूच मंडपात शिरे, उत्तररंगातील आख्यान मनसोक्त ऐके, आणि आधीचे निरूपण परतीच्या वाटेवर शेजाऱ्याकडून जाणून घेई. सुटलेला भाग अशा रीतीने कुणाच्या तरी मुखातून मिळत असे. सांगणाऱ्यालाही त्यामुळे तो दुसऱ्यांदा घडे.

दूरचित्रवाणीच्या पहिल्या काळात ही सवलत जवळजवळ नव्हतीच. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दाखविले जाऊ लागले. त्या वेळी रस्ते ओस पडत, शेजारपाजारची मंडळी ज्याच्या घरी संच असेल त्याच्याकडे जमत, आणि कित्येक घरांत संचाला हार घालून उदबत्ती लावली जाई. पुढे २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' सुरू झाले, त्याचेही तसेच. घरात व्हिडिओ कॅसेटवर मुद्रण करून ठेवणारे थोडे. बाकीच्यांचा भाग चुकला की चुकला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले, तेव्हा सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशा नेमल्या वेळी घरे पुन्हा एकदा पडद्यासमोर एकत्र बसली.

आजची व्यवस्था निराळी आहे. झी मराठीच्या मालिका 'झी-फाईव्ह'वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्यांच्या 'जिओहॉटस्टार'वर, सोनी मराठीच्या 'सोनी-लिव्ह'वर पाहता येतात. प्रसारभारतीनेही २० नोव्हेंबर २०२४ रोजी, गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या प्रारंभी, 'वेव्हज' हे आपले अ‍ॅप सुरू केले. दूरदर्शनच्या जुन्या मालिका तेथे आहेत. मोबाईलचा क्रमांक देऊन नोंदणी करावी, मालिकेचे नाव शोधावे, तारखेवरून भाग निवडावा, एवढेच काय ते काम. काही ठिकाणी वर्गणी लागते, आणि वर्गणीदाराला काही मालिकांचे भाग वाहिनीच्या आधीच पाहावयास मिळतात. यूट्यूबवर वाहिन्यांच्या अधिकृत जागा आहेत, परंतु तेथे पुष्कळदा संपूर्ण भागाऐवजी तुकडेच हाती लागतात. ज्यांना मोबाईलच नकोसा वाटतो त्यांच्यासाठी वाहिन्या दुसऱ्या दिवशी पुनःप्रसारण करतातच.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. टेलिग्रामवरील कुणा अनामिकाच्या समूहातून फुकट उतरवून घेतलेला भाग हा चोरीचा माल होय. संतचरित्रावरील मालिका चोरून पाहावी आणि 'अस्तेय' हा शब्द पोथीत वाचावा, हे श्रद्धावंत घराला शोभत नाही. वर्गणी परवडत नसेल तर पुनःप्रसारणाची वाट पाहावी. तेवढा संयम आपण एकादशीलाही पाळतो.

सोयीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नेमलेली वेळ गेली की तिच्याबरोबर एकत्र बसणेही जाते. सून लोकलमध्ये पाहते, नातू रात्री पांघरुणात पाहतो, आजोबा दुपारी पाहतात. मालिका एक, पण प्रत्येक जण निरनिराळ्या भागावर. मग संध्याकाळी बोलावे तर, 'पुढचे सांगू नका' म्हणून प्रत्येक जण कानांवर हात ठेवतो! त्यात बोटाच्या एका टोकाने दहा दहा सेकंद पुढे ढकलण्याची युक्ती. कौटुंबिक मालिकेत एकाच वाक्यावर पाच चेहरे आळीपाळीने दाखवितात, तेथे ही युक्ती वापरणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु 'विठू माऊली' किंवा 'जय मल्हार' यांसारख्या मालिकाही त्याच बोटाने पुढे ढकलल्या जातात, आणि भक्ताची आळवणी हीच लांबण ठरते. कथा ऐकणे याचा अर्थ केवळ पुढे काय झाले हे कळणे, असा आपल्याकडे कधीच नव्हता. रामायणात पुढे काय होणार हे लहान मुलालाही ठाऊक असते.

म्हणून आमची विनंती अशी. या दिवसांत आरतीच्या वेळी संच बंद असावा, आणि सगळ्या आरत्या सावकाश, झांजांच्या ठेक्यावर, मंत्रपुष्पांजलीसह व्हाव्यात. प्रसाद वाटून झाल्यावर ज्या घराला हवे असेल त्याने एक भाग मोबाईलवरून मोठ्या पडद्यावर लावावा आणि सर्वांनी मिळून पाहावा. सिद्धिविनायक, शिर्डी, पंढरपूर येथील दर्शनही आता घरबसल्या घडते, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचे मोल फार मोठे आहे. परंतु आपल्या देवघरासमोरची आजची आरती कोणत्याही अ‍ॅपवर साठविलेली नसते. तिला आज जे हजर होते तेवढेच होते.

घरातील तरुणांवर यात एक जबाबदारी येते. आजीला या अ‍ॅपची अक्षरे बारीक वाटतात, परवलीचा शब्द तिच्या ध्यानात राहत नाही, आणि वर्गणी असते पुण्याच्या मुलाच्या नावावर. आजचा भाग उद्या आपल्याला मिळेल याची खात्री तिला नसते, म्हणूनच तिची नजर घड्याळाकडे जाते. तेव्हा गौरी येण्यापूर्वीच कुणी तरी तिच्याशेजारी बसून हे सारे लावून द्यावे, आणि एकदा तिच्याच हाताने करवून घ्यावे. गौरीपूजनाच्या रात्री झिम्मा-फुगड्या रंगल्या म्हणजे मालिकांचे चार-पाच भाग साचतील. खुशाल साचू द्यावेत. विसर्जन होऊन मखर उतरविले की घर सुने सुने वाटते. ते भाग पाहावयास आजीला तेव्हा भरपूर वेळ असतो, आणि शेजारी कुणी येऊन बसले तर तिला हवेच असते.